एक मूळ, चार नकला

सुधारलेल्या समाजाची खूण एकच. तिथे मूळ कागद जागचा हलत नाही आणि त्याची नक्कल गावभर हिंडते. जिथे मूळ कागदच हिंडतो तिथे तो हरवतो, आणि जिथे नक्कलसुद्धा हिंडत नाही तिथे अजून सरकार पोचलेलं नाही असं खुशाल समजावं.

हे तत्त्व नाशकात भिकनराव निकाळ्यांइतकं कोणालाच पटलेलं नव्हतं. भिकनराव एका कचेरीत नक्कल कारकून होते (कोणत्या, ते विचारू नये, नक्कल सगळीकडे सारखीच मिळते, म्हणजे पंधरा दिवसांनी). कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत टंकयंत्रात घालून ते एका दमात एक मूळ आणि चार नकला काढत. पाचवीही निघते, पण ती फक्त अर्जदाराला वाचता येते, कारण त्याला मजकूर पाठ असतो.

भिकनराव आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई मैत्री सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत. चोवीस ब्लॉक, तीन जिने आणि डॉक्टरांचं अक्षर लागणारा माणूस एकच, भिकनराव. एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात ब्लॉक नऊमधल्या आक्काबाईंच्या नातवाचा ताप डॉक्टरांच्या चिठ्ठीने उतरला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या नवसाबाईंना ताप आला. आता ताप तोच, जिना तोच, पाऊसही तोच. मग चिठ्ठी वेगळी कशाला? आक्काबाई चिठ्ठी घेऊन भिकनरावांकडे आल्या. मूळ चिठ्ठी दुसऱ्याला देणं भिकनरावांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी ती टाइप केली, खाली ‘खरी नक्कल’ असं घातलं आणि लफ्फेदार सही ठोकली. औषधवाल्याला आयुष्यात प्रथमच वाचता येण्याजोगी चिठ्ठी मिळाली. त्याने काही न विचारता कॅप्सूल दिल्या.

तिथून प्रथा पडली. बुद्धपौर्णिमेची खीर जशी घरोघर जाते, तशा नकला जाऊ लागल्या. चार नकलांचं विशेष नाव झालं. क्रमांक एक, क्लोरॅम्फेनिकॉल, तापासाठी. क्रमांक दोन, टेट्रासायक्लिन, जुलाबासाठी आणि जुलाब होतील असा संशय आल्यास. क्रमांक तीन, सल्फाच्या गोळ्या, घसा, खोकला आणि दहावीची परीक्षा यांवर. क्रमांक चार, स्ट्रेप्टोमायसिनची सुई. ही कंपाउंडर टोचून देई आणि ती दुखत असल्यामुळे तिच्यावर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास होता.

चार वर्षांत एकशे अडतीस नकला निघाल्या. एकशे सव्वीस जणांना गुण आला. त्यांतल्या किती जणांना औषधावाचूनही आला असता, हा रकाना कोरा आहे (माहिती मागवली आहे). औषध शेवटपर्यंत घेणारे दोन निघाले. त्यांतल्या एकांना आपण कशासाठी गोळ्या घेतो आहोत हेच आठवेना, त्यामुळे थांबायचं कधी ते कळलं नाही. बाकीचे सगळे बरं वाटताच थांबले. पोट भरल्यावर कोणी भाकरी खात बसत नाही, असं आक्काबाई म्हणत.

कीर्ती वाढली तशा नकला एसटीने प्रवास करू लागल्या. एक इगतपुरीला रेल्वेतल्या कोणा साडूकडे गेली, एक त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंच्या उपयोगी पडली. आक्काबाईंनी चारही लेकीला लासलगावला नेऊन दिल्या आणि तिथल्या शेजाऱ्यांनी त्यांच्याही नकला केल्या.

विरोध करणारा एकच होता. ब्लॉक सतरामधला चंदर. हा रक्त-लघवी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. “भाऊ, हे बंद करा,” असं तो जिन्यात भेटेल तेव्हा सांगे. कॉलनीने त्याच्या बोलण्याचा शांतपणे विचार केला आणि स्वतःचं लग्न जमत नाही म्हणून तो असा बोलतो, या निष्कर्षाला ती आली.

त्र्याऐंशीच्या श्रावणात सुमनबाई लासलगावला आक्काबाईंच्या नातीच्या बारशाला जाऊन आल्या. पंधरवड्याने त्यांना ताप भरला. भिकनरावांनी शांतपणे क्रमांक एक काढली. चौथ्या दिवशी ताप वाढला. क्रमांक दोन झाली, तीन झाली. आठव्या दिवशी सुमनबाईंना पाणी प्यायला मान उचलवेना, आणि त्या भिकनरावांना आपल्या थोरल्या भावाच्या नावाने हाका मारू लागल्या. तेव्हा भिकनराव चपला न घालताच डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला आणि रक्त तपासायला पाठवलं. तीन दिवसांनी चंदरने भिकनरावांना प्रयोगशाळेत बोलावून एक काचेची बशी दाखवली. खरवसासारख्या थरावर जंतूंची साय धरली होती आणि वर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या होत्या. एका चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळी जागा होती.

“तिथं औषध चालतंय,” चंदर म्हणाला. “ह्या चार मात्र बघा. जंतू पार खेटून वाढलेत. ही औषधं त्यांना लागूच होत नाहीत.”

“हे शिकले कुठं?”

“कोणाच्या तरी पोटात. आपल्या आतड्यात साधे, गरीब जंतू राहतात. अर्धवट औषधानं त्यांतले नाजूक मरतात, निबर उरतात. निबरांकडं औषधावरचा तोडगा लिहिलेला असतो, चिठ्ठीच म्हणा. टायफॉइडचा जंतू शेजारी आला की हे त्याला नळी लावतात आणि चिठ्ठीची नक्कल देतात.”

“जात वेगळी असली तरी?”

“जात नाही बघत ते.”

भिकनरावांच्या मनात जंतूंविषयी आदर उत्पन्न झाला. एवढ्या बाबतीत जंतू नाशिक जिल्ह्याच्या पुष्कळ पुढे गेले होते.

“आणि मूळ?”

“मूळ देणाऱ्याकडंच राहतं. घेणाराही पुढं नकला वाटायला मोकळा.”

“वेळ किती लागतो?”

“काही मिनिटं.”

क्षणभर भिकनराव बायकोचा ताप विसरले. अर्ज नाही, शिक्का नाही, जेवणाची सुट्टी नाही, साहेब दौऱ्यावर नाहीत! आणि चंदर सांगत होता की चारही तोडगे बऱ्याचदा एकाच चिठ्ठीवर असतात. मागा एक, मिळतात चार. मग त्यांनी अहवाल हातात घेतला. निकामी औषधांची चार नावं एकाखाली एक छापली होती. ती वाचायची गरजच नव्हती. ही यादी त्यांनी चार वर्षं स्वतःच्या बोटांनी टाइप केली होती.

भिकनराव घाबरले. आपल्या सहीने आजवर कोणाचं वाईट झालं नाही, एवढ्या एका समजुतीवर ते रोज रात्री शांत झोपत आले होते.

“चंदर, माझ्यामुळं झालं का रे हे?”

“सांगता येत नाही, भाऊ. लासलगावात झालं असेल, इगतपुरीत झालं असेल, आपल्या जिन्यातही झालं असेल.”

या तिन्ही ठिकाणी आपली नक्कल पोचली आहे, हे भिकनरावांइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी अहवालाची घडी घालून ती खिशात ठेवली.

मोकळ्या गोलाचं औषध सुरू झालं. चौदा दिवस, दिवसातून चार वेळा. चार दिवस भिकनराव उशाशी बसून ओल्या पट्ट्या बदलत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी सुमनबाईंनी डोळे उघडले, नाक फेंदारलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “अहो, भाकरी करपली.” भिकनराव तवा तसाच टाकून आले आणि त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले.

बातमी तिन्ही जिन्यांत पसरली. दुपारपर्यंत दारात अकरा माणसं जमली, सगळ्यात पुढे आक्काबाई.

“भिकन, ही नवी चिठ्ठी लय जालीम दिसती बाबा. माझ्या जावयाचा घसा धरलाय. एक नक्कल दे.”

भिकनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. कचेरीतली पद्धत त्यांनी घरात कधी वापरली नव्हती.

“अर्ज करा,” ते म्हणाले. “रोगी समक्ष हजर पाहिजे, रक्ताचा अहवाल जोडा, डॉक्टरांचं पत्र आणा. पंधरा दिवसांत निकाल मिळेल.”

“आरं, पंधरा दिवसांत घसा आपसूक बरा व्हील की!”

“तेच,” भिकनराव म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. लालफितीने माणसं वाचवल्याचं हे आमच्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

आता नऊ दिवस राहिले होते. त्या नऊ दिवसांत काहीही घडलं नाही. सुमनबाई रोज म्हणत, “मला काही झालेलं नाही, उगाच कशाला गोळ्या?” भिकनराव पाण्याचा पेला पुढे धरत आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. सहावा दिवस असाच गेला. सातवा असाच. आठव्या दिवशी नवसाबाई मेथीची जुडी देऊन गेल्या. नववा आणि दहावा सांगण्यासारखे नाहीत. अकराव्या दिवशी गोळीवरून दोघांचं भांडण झालं. बारावा, तेरावा, चौदावा.

चौदाव्या दिवसापर्यंत वाचक सोबत होता असा आमचा दावा नाही. भाकरी करपली तिथेच त्याचा जीव भांड्यात पडला, गोष्ट संपली असं त्याला वाटलं आणि मधले दिवस त्याने नुसते डोळ्यांखालून घातले. त्यात त्याचा दोष नाही. ताप उतरला की सगळ्यांचं असंच होतं. जंतूंचीही याबद्दल काही तक्रार नाही.