पॉजच्या अटी

कुमुदताई दाभाडकरांच्या नाटकातला दुसऱ्या अंकाचा पॉज सोमवारी तालमीला आला नाही.

सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. हौशी मंडळात कोणी ना कोणी उशिरा येतंच. शिरोळे मास्तर तर चहा झाल्याशिवाय कधी उगवलेच नव्हते. पण दुसरा अंक सुरू झाला आणि घोटाळा उघडा पडला. पंधरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप, म्हणजे मास्तर, दारात उभा राहून विचारतो, "आत येऊ का?" मग पॉज. मग मुलगी, म्हणजे केतकी, म्हणते, "या." त्या दिवशी मास्तरांचा प्रश्न हवेत असतानाच केतकी म्हणाली, "या." पुन्हा घेतलं. पुन्हा "या." तिनं दात आवळून पाहिले, तर ते दातांच्या फटीतून निघालं. पंधरा वर्षं परागंदा झालेला बाप हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीसारखा आत येऊन बसला.

"मी थांबतेय हो ताई," केतकी रडकुंडीला आली, "पण थांबायला तिथं काही नाहीच!"

कुमुदताई मटकन खुर्चीत बसल्या. तीस वर्षं त्या नाटकं बसवत होत्या आणि खरं सांगायचं तर पुण्यात पाहिलेलं नांदोशीत बसवत होत्या. नट कुठून येणार, कुठं वळणार, सगळं आधी कोणीतरी ठरवून ठेवलेलं. हा पॉज तेवढा त्यांचा त्यांना सापडला होता, एकदा मेथी निवडता निवडता. शनिवारी स्पर्धेचा प्रयोग होता आणि त्यांची एकुलती एक स्वतःची गोष्ट बेपत्ता होती.

"विनापरवाना गैरहजेरी," प्रॉम्प्टर रेडकर म्हणाले. ते कोषागारातून निवृत्त झाले होते, पण कोषागार त्यांच्यातून झालं नव्हतं. "नोटीस काढू या."

"पत्ता काय घालणार?"

"हां. ती अडचण आहे खरी."

पत्ता दुसऱ्या दिवशी लागला. नगरपालिकेच्या सभेत अध्यक्ष "हा ठराव सर्वानुमते" एवढं बोलले आणि थांबले. सभागृहात अशी शांतता पसरली, की ठराव कशाबद्दल आहे याचा सभासदांना नाइलाजानं विचार करावा लागला. ठराव फेटाळला गेला. अध्यक्षांनीही विरोधात हात वर केला.

कुमुदताई आणि रेडकर धावत पोचेपर्यंत पॉज तिथून निघाला होता. बाजारपेठेत मात्र त्याला शोधायला लागलं नाही. मोहन झेंड्याच्या सलूनमध्ये मोहन गप्प उभा होता. त्याला गप्प पाहिलेला माणूस गावात नव्हता. कात्री हवेत धरून तो "तर त्या बोकडानं" इथपर्यंत आला होता आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी पुढची वाट पाहत होतं.

"इथंच आहे," रेडकर कुजबुजले.

"का रे बाबा गेलास?" कुमुदताईंनी विचारलं. कोणी काही बोललं नाही.

"असं नाही ताई. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. गप्प राहिला तर होकार. झेंडे बोलला तर नकार."

"आम्ही तुला त्रास दिला?"

शांतता.

"त्या बासरीचा?"

शांतता. मंडळाच्या बासरीवाल्याला पॉज रिकामा दिसला, म्हणून त्यानं त्यात बासरी भरली होती. प्रकाशवाल्यानं त्याच्यावर निळा झोत सोडला होता. मास्तरांनी पदरचा एक उसासा घातला होता. आणि मनात चार आकडे मोज, हे केतकीला खुद्द कुमुदताईंनी सांगितलं होतं. त्यांनी एकेक विचारलं आणि एकेकाला होकार मिळाला.

"आणि प्रॉम्प्टरचा?"

ही शांतता इतकी दाट होती, की रेडकरांनी टोपी काढली.

"मला वाटायचं, पोरगी वाक्य विसरली," ते म्हणाले. "म्हणून विंगेतून 'या, या' सांगायचो."

"दर तालमीला?"

"दर तालमीला विसरते असंच वाटायचं."

कुमुदताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. "अहो रेडकर! त्याला उभं राहायला जागाच ठेवली नाही आपण! एक मोकळी जागा सापडली मला, आणि तिच्यात आपण घरचा माळा केला!" सलूनमध्ये नाचायची सोय असती तर त्या नाचल्या असत्या. "सगळं काढते. बासरी, झोत, उसासा, आकडे. रेडकरांचं तोंड बंद. येशील?"

शांतता.

"आणि मग केतकी 'या' म्हणेल ना?"

"शिंगं खाली घातली अन् सरळ सरपंचाच्या अंगावर!" मोहन झेंडे म्हणाला आणि कात्री चालू झाली.

रेडकरांनी कुमुदताईंना बाजूला घेतलं. "ताई, उत्तराची हमी नाही असा याचा अर्थ. अख्खा तिसरा अंक बाप घरात येण्यावर उभा आहे. दोन उसासे जास्त घालू, बासरी लांबवू, भागेल. मंजूर करू नका."

भागेल, हे कुमुदताईंना तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

"मंजूर," त्या म्हणाल्या.

शनिवारी नाट्यगृह भरलं होतं. परीक्षक मधल्या रांगेत बसले होते. रेडकरांनी खबरदारी म्हणून मोठा विडा तोंडात कोंबला होता. मास्तर दारात आले.

"आत येऊ का?"

आणि पॉज आला. खोकणारे खोकायचे थांबले. वेफर्सची पुडी थांबली. परीक्षकांची पेनं कागदावर टेकून राहिली. केतकी बापाकडे बघत होती. आपल्याला खरोखरच काहीतरी विचारलं गेलंय, हे तिला आत्ताच कळल्यासारखं. कुमुदताईंनी विंगेत रेडकरांचा दंड असा आवळला, की विडा बाहेर यायचाच राहिला.

"नको," केतकी म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे तिसऱ्या अंकाची सगळी भाषणं तयार होती. पण पॉज तिथंही उभा होता. मास्तरांनी तोंड मिटलं, पिशवी उचलली, एकदा उंबऱ्याकडे पाहिलं आणि ते गेले.

विंगेत येताच ते फुटले. "ताई, माझा तिसरा अंक?"

"गेला," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकत होते. "पण मास्तर, काय गेलात हो तुम्ही! असं जाणं मी पुण्यातसुद्धा पाहिलं नाही!"

"पडदा टाकू का?" पडदेवाल्यानं विचारलं.

कुमुदताईंनी डोकावून पाहिलं. केतकी रिकाम्या दाराकडे बघत उभी होती. नाट्यगृहात कोणी टाळी वाजवत नव्हतं, कोणी उठत नव्हतं.

"थांब. तो अजून आहे."

"मग कधी टाकू?"

"तो निघाला की."

पडदेवाल्यानं दोर मनगटाला गुंडाळला, तिथंच मांडी घातली आणि बायकोला मोबाइलवर कळवलं, जेवून घे.