बोथची गर्भस्थापना-मोहीम, आणि वितळल्या रसदेची हकीकत

परगणे बोथ, मुलूख आदिलाबाद येथे राजश्री भारतराव यांचे घरी पाळणा हालावा म्हणोन जी मोहीम जाहली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहून ठेविली असे.

नागपुरी दवाखान्यात सिद्ध जाहलेला गर्भ, खसखशीहून लहान परंतु दिमाख शहजाद्याचा, सौभाग्यवती रुपाबाईंचे गर्भाशयी दाखल केला. मागील स्वारी फसली होती आणि राखीव गर्भांपैकी हा अखेरचा. एस्ट्रोजेन सरदारांनी आधीच अस्तर जाड करविले, आणि मग प्रोजेस्टेरॉन सुभेदारांनी ग्रंथींस फर्मान दिले की पाहुण्याचे पोषणास प्रथिने स्रवावी, आणि इंटेग्रिन नामे प्रथिनांस तटावर तैनात केले की शहजादा येताच त्याचा हात धरावा. परंतु या खेपेस सुभेदारांची घरची, शरीरातच निपजणारी फौज नव्हती. सारी रसद बाहेरील मऊ कॅप्सुलांतून, आणि ती तुटली तर अस्तर ढासळोन शहजादा वाहून जावा.

इकडे मातुश्री रेणुकाबाईंचा शिरस्ता ऐसा की घरात नवी जिन्नस आली की प्रथम देवापुढे. त्यांनी कॅप्सुला डबीतून काढून ताटलीत मांडल्या, हळदकुंकू वाहिले, आणि शेजारी समई लाविली. मे महिना, बोथचे ऊन, आणि समई. दुपारपावेतो साऱ्या रसदेचा वितळोन एक लाडू जाहला.

तहकीकात होता मातुश्रींनी जबाब दिला, "डबीत बंद ठेवलं असतं तं देवाले काय दिसलं असतं?"

रुपाबाई ताटलीकडे पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "आई, देवाले दिसलं. आता मले पायजे."

संध्याकाळची मात्रा चुकता कामा नये, सबब भारतराव फटफटीवर स्वार जाहले. बोथेस माल नाही. इचोड्यास ट्रकांचे मोर्चे भेदून पोहोचले, आणि दुकानदारास चिठ्ठी दाखवोन हलक्या आवाजात अर्ज केला. त्याने अख्ख्या बाजारास ऐकू जाईल ऐसे विचारले की ही कॅप्सूल तोंडावाटे घ्यावयाची की कोठे, आणि उत्तर घेऊन मग माल नाही म्हणाला. तेथून लाल कानांनिशी थेट आदिलाबादेनजीकचे मावला गाव गाठिले. तेथे रसद हाती आली, दिवेलागणीस स्वारी घरी पावली, आणि या खेपेस रसद तडक फ्रिजमध्ये गेली.

सुभेदारांचा अंमल पूर्ववत जाहला. म्युसिन नामे निसरडा पहारेकरी शहजाद्यास वाट देऊन बाजूस सरला, इंटेग्रिनांनी हात धरिला, आणि शहजादा अस्तरात रुजला. मग रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. रुपाबाईंनी तो दोनदा वाचिला आणि सासूबाईंचे हाती दिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. रिपोर्ट मातुश्रींनी देवापुढे ठेविला नाही. तो फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी, कडेकोट बंदोबस्तात आहे, आणि सकाळ-संध्याकाळ दार उघडोन देवास त्याचे दर्शन लांबूनच घडविले जाते.