सोमलिंग चटणीची जाहीर नोटीस

जमिनीच्या व्यवहारात मला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही. चौसाळ्यात हे मीच सांगत असतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. तेव्हा चटणीच्या नावाची नोंदणी म्हणजे आपल्या हातचा मळ, असं धरून मी चाललो होतो.

आमच्या दुकानातली कारळाची चटणी 'सोमलिंग' या नावाने विकते. सोमलिंग माझे आजोबा. संभाजीनगरचा एक बडा दुकानदार म्हणाला, "नाव तुमचंच असल्याचा कागद आणा, दिवाळीपासून माल उचलतो." मी बीडला वकीलबाईंकडे गेलो. रुचिका मॅडम म्हणाल्या, "अर्ज करू. पुढे तो सरकारी जर्नलमध्ये छापतात, तेव्हा कुणीही हरकत घेऊ शकतं. तुम्ही नाव कधीपासून वापरता, तेवढे पुरावे आणा."

हरकत हा शब्द ऐकला आणि माझ्यातला जमीनवाला जागा झाला. शेत घेताना आपण पेपरात नोटीस देतो, तशीच मी चटणीची दिली. 'सोमलिंग चटणीवर कुणाचा हक्क, हिस्सा, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावे. मागाहून तक्रार चालणार नाही.'

बायकोने, म्हणजे महानंदाने, ती दोनदा वाचली. "कावून बोलावलं हो लोकाला?"

"कुणी येत न्हाई. कायद्याची रीत हाय ही."

तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ सोमनाथ सातबारा घेऊन हजर.

"दादा, आजा काय तुझ्या एकट्याचा हाय का? वारसात माझं बी नाव हाय."

"ही जमीन न्हाई बे, चटणी हाय."

"मग नोटीस जमिनीवानी कावून दिली?"

मी चहा सांगितला.

मग मेंढरं रस्त्याकडेला बसवून धुळाजी आला. त्याचं म्हणणं, "पयली भाकर-चटणी म्या खाल्ली, अन् इकायला काढा म्हनून म्याच सांगितलं. अक्कल माझी हाय." पेंटर बिभीषण म्हणाला, पाकिटावरची अक्षरं त्याची. कारळ निवडणारी मनकर्णा आली, गिरणीवाला आला. दहाव्या दिवशी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. कुणी काही मागत नव्हतं, पण नोटिशीत हिस्सा म्हटलंय म्हटल्यावर न येणं कुणालाच बरं वाटेना.

महानंदा मात्र शांत. चहाबरोबर प्रत्येकापुढे कागद-पेन ठेवायची. "बोलून काय व्हतंय भाऊ, लिवून द्या. चटणी कुणी केली, तुमी कवा खाल्ली, समदं. तारीख बी टाका." मला तिचा अभिमान वाटला. नवऱ्याची बाजू बळकट करतेय, दुसरं काय!

नऊ कागद घेऊन आम्ही दोघं बीडला गेलो. मॅडमनी एकेक वाचायला घेतला. सोमनाथने लिहिलं होतं, 'वहिनीने तेरा वर्षांपूर्वी बरण्या भरून ओसरीत विकायला ठेवल्या. नाव तिनेच दिले. ती आजोबांचे नाव चालवीत असेल तर माझे काही म्हणणे नाही.' धुळाजीने लिहवून घेतलं होतं, 'चटणी वहिनीसाहेबांची, अक्कल माझी.' बिभीषणने लिहिलं होतं, 'अक्षर कसे पाहिजे ते वहिनींनी सांगितले.' नऊही कागदांत माझं नाव एकदाच आलं होतं. गिरणीवाल्याच्या कागदात, मिरच्यांचा डबा दळायला आणून देणारा म्हणून.

"पुरावे उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते यांचे आहेत. अर्ज यांच्या नावाने करावा लागेल."

मी महानंदाकडे पाहिलं.

"तेरा वर्ष उखळात कुटलं," ती म्हणाली. "दुकानाच्या पाटीवर 'संगमेश आणि बंधू'. तुमाला तर सख्खे बंधूच न्हाईत. नसलेल्या भावाला जागा हाय, मला एकदा तरी इचारलं का?"

ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती सरळ बोलली. मला खरोखर लाज वाटली. पाटी रंगवताना तिचं नाव माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मॅडमनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. पतीची काही हरकत नसल्याबद्दल. कायद्याने त्याची गरज नाही, म्हणाल्या, पण यांनी कालच फोन करून मुद्दाम टाइप करायला सांगितलाय.

मी सही केली. थोडीशी हरकत होती, खोटं कशाला बोलू. पण घरी स्वयंपाकही तीच करते.