श्रीमंतच्या गुडघ्यावरची गोधडी

गोधडीचा वरचा पदर तयार होता, खालचा पदर तयार होता, आणि रंगूबाई मधल्या पदरापाशी अडकून बसली होती. आत घालायचं काय?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, घाल काहीतरी आणि मार टाके. पण ही गोधडी तिसगावात पांघरायची नव्हती. रंगूबाईची लेक पंकजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगा तीन महिन्यांचा झाला होता, आणि पाऊस लागायच्या आत त्याला न्यायला पंकजाची सासू ज्ञानेश्वरीबाई अकोल्याहून रविवारी येणार होती. अकोला म्हणजे विदर्भातलं नव्हे, आपल्या नगरचं अकोले, डोंगरातलं. बाळंतविड्यात टोपडी झाली, झबली झाली, चांदीचे वाळे झाले. राहिली गोधडी. आणि लग्नात दिलेली गोधडी बघून ह्याच विहीणबाईंनी निरोप पाठवला होता, "गोधडी लई छान हाय. उन्हाळ्यात पांघरू." दोन वर्षं झाली, ते वाक्य रंगूबाईला झोपेतसुद्धा टोचत होतं.

"ह्या बारीला अशी गोधडी देनार," ती म्हणाली, "की विहीणबाई सवता मागून घेईल."

आत लुगडं घालायचं, हे तिचं ठरलेलं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं, चार घड्या. तिच्या आईनं तेच घातलं, आजीनं तेच घातलं. पण सून अश्विनी मोबाईल घेऊन आली.

"आत्याबाई, आता फायबर घालत्यात. हे बघा. वजनाला हलकं, फुगतं कसं बघा. म्या नगरवरनं मागवलंय."

"ते उशीत घालत्यात."

"गोधडीतबी घालत्यात. ह्या बाईला चाळीस हजार लोकांनी बघितलंय."

"चाळीस हजारातलं अकोल्याचं कोन हाय?"

तेवढ्यात नवरा श्रीमंत माळ्यावरून बापाची घोंगडी घेऊन खाली आला. "लोकर घाला. धनगर पावसात रानात झोपतो तो काय फायबर पांघरून झोपतो व्हय?"

"लेकराला टोचंल की ती."

"मला टोचली का? ह्याच घोंगडीत वाढलो म्या."

"म्हनून तर तुमी असं झालात," रंगूबाई म्हणाली.

शेजारचे महमूदभाई पिंजारी गादी कारखान्याकडं निघाले होते. त्यांनी दारातूनच ऐकलं आणि चप्पल काढून आत आले. "वहिनी, माझ्या तीन पिढ्या कापूस पिंजण्यात गेल्या आन् तुमी शेजारी ऱ्हाऊन फायबरच्या गोष्टी करताय? कापूस म्हंजे कापूस. घरी जाऊन पिंजलेला घेऊन येतो. न्हाई आवडला तर महमूद नाव लावनार न्हाई."

झालं. चार माणसं आणि चार भरणं. शेवटी रंगूबाईनं तोडगा काढला. हातभर लांबीच्या चार छोट्या गोधड्या शिवल्या, प्रत्येकीत वेगळा माल. आणि श्रीमंतला अंगणातल्या बाजेवर आडवं पाडून एकेक त्याच्या पोटावर ठेवली.

"हे लुगडं. कसं वाटतंय?"

"मरायला लागलोय."

"आन् हा कापूस?"

"ह्यातबी मरायला लागलोय."

"फायबर?"

"अगं मे महिना हाय! बेचाळीस डिग्रीत बेंबीवर पान ठिवलं तरी घाम येतो. मला काय कळनार त्यातली ऊब?"

माणूस खरं बोलत होता. तिसगावच्या मे महिन्यात अकोल्याची थंडी आणायची कुठून? तेव्हा रंगूबाईचा पोरगा अजिनाथ, भाकरी खाता खाता, सहज बोलून गेला. "आमच्या कोल्ड स्टोरेजमधी या की. डाळिंबाच्या खोलीत सहा डिग्री असतंय."

अजिनाथ त्या कोल्ड स्टोरेजवर मशीन बघायला होता. बोलल्याबरोबर त्यानं जीभ चावली, कारण आई त्याच्याकडं बघत होती. आणि आई हसत होती.

"न्हाई आई. मालक ओरडंल. तिथं मानूस ठिवत न्हाईत."

"ठिवायचा कुठं हाय? अर्धा तास बसवायचा."

अश्विनी तर उड्याच मारायला लागली. "आत्याबाई, एकेक करून न्हाई! चारी एकदमच बांधू. सारखी थंडी, सारखा टाइम. कुठली जागा गरम ऱ्हाती ते मामा सांगतील!"

म्हणजे बघा. डाव्या गुडघ्यावर लुगडं, उजव्या गुडघ्यावर कापूस, डाव्या खांद्यावर लोकर आणि उजव्या खांद्यावर फायबर. सगळं सुतळीनं करकचून बांधलं. श्रीमंत उभा राहिला तर हात खाली येईनात आणि पाय वाकेनात. त्याला अजिनाथच्या मोटरसायकलवर मागं बसवला, दोन्ही पाय काठीसारखे बाजूला ताणलेले, आणि गाडी भर दुपारी बाजारपेठेतून निघाली.

आता गावानं काय बघितलं, ते ऐका. गावानं बघितलं की श्रीमंतचे दोन्ही गुडघे आणि दोन्ही खांदे बांधलेत, पोरगा त्याला घेऊन जोरात चाललाय, आणि मागं रिक्षात बायको आणि सून बसल्यात. रसवंतीवरून एकानं आरोळी ठोकली, "श्रीमंतराव, काय झालं?"

"आल्यावर सांगतो!" श्रीमंत ओरडला. "आदी आत जाऊन येतो!"

कोल्ड स्टोरेजमध्ये शिरल्यावर श्रीमंतला पहिली पाच मिनिटं फार बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा अंगावरचा घाम गेला. तो डाळिंबाच्या क्रेटवर बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "अजिनाथ, तुला पगारबी देत्यात व्हय रं हितं बसायचा?"

दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले. दाराला एक छोटी काच होती, तिच्यातून रंगूबाई ओरडली, "कुठलं गरम हाय?"

"नाक गार पडलंय!"

"नाकावर काय बांधलंय का? गुडघ्याचं सांगा!"

"गुडघा हाय का न्हाई तेच कळंना!"

"नीट ध्यान द्या की जरा! विहीनबाई उद्या यायची हाय!"

इकडं बाहेर धावत धावत महमूदभाई आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की श्रीमंतचं चारी बाजूनं मोडलंय. हातात शहाळं होतं, डोळ्यात पाणी होतं. काचेतून त्यांनी आत बघितलं आणि शहाळं खाली ठेवलं.

"वहिनी, हे बरं न्हाई. माझा कापूस ढिला बांधलाय. तुमच्या लुगड्याला सुतळीचे चार वेढे आन् माझ्या कापसाला दोनच? ढिल्यात वारं शिरनारच!"

"तुमी आत जाऊन आवळून या," अश्विनी म्हणाली.

"आवळतोच." आणि महमूदभाई आत शिरले. त्यांच्यामागं श्रीमंतला बघायला आलेली तीसेक माणसं बाहेरच्या पॅकिंगच्या खोलीत घुसली. ती खोली बऱ्यापैकी गार होती. आजारी माणूस धडधाकट दिसला तरी कुणी परत जाईना. उलट दोन बायका घरी जाऊन चिंध्यांची बोचकी घेऊन आल्या. "आमचीबी बघा की बांधून. मांड्या मोकळ्याच हायत त्यांच्या."

आणि नेमकी त्याच वेळेला ज्ञानेश्वरीबाई तिसगावच्या स्टँडवर जीपमधून उतरली. यायची रविवारी होती, पण भावकीतली जीप शनिवारीच निघाली म्हणून ती शनिवारीच आली. तिनं पानटपरीवर विचारलं, "श्रीमंतराव घरी असतील का ओ?"

टपरीवाल्याचा चेहरा पडला. "तुमी कोन?"

"त्यांची विहीन. अकोल्याची."

"बाई, त्यांना कोल्ड स्टोरेजमधी ठेवलंय."

पुढचं विचारायला ज्ञानेश्वरीबाई थांबलीच नाही. ती परत जीपमध्ये चढली, गाडी कोल्ड स्टोरेजकडं वळवायला लावली, आणि जीपमध्येच गळा काढला. अकोल्याच्या बायांचा आवाज डोंगरावरून डोंगरावर जातो, सपाटीला तर त्याला अडवायला काहीच नव्हतं. "अवं माझे व्याही गंऽऽ! नातवाला मांडीवर घेऊन बसायचं वय, आन् कुठं जाऊन पडले गंऽऽ!"

ते ऐकून घरात पोराला थोपटत बसलेली पंकजा घाबरून उठली. सासूचा आवाज, आणि रडणं व्याह्यांच्या नावानं. तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि आवाजाच्या मागं पळत सुटली.

पॅकिंगच्या खोलीत गर्दी बघून ज्ञानेश्वरीबाईची खात्रीच पटली. तिनं रंगूबाईला मिठी मारली. "विहीनबाई! कसं झालं ओ?"

रंगूबाईनं मनातच हिशेब केला. विहीणबाई एक दिवस आधी आली, गोधडी शिवलेली नाही, आणि नवरा सुतळीनं बांधून आत बसवलाय. ती एवढंच म्हणाली, "अजून कळलं न्हाई. तपासनी चालूय."

तेवढ्यात दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली आणि वाफेतून श्रीमंत आला. ओठ निळे, मिशा ताठ, खांदे फुगलेले, पाय न वाकवता पावलं टाकत. विहीण दिसली म्हणून त्यानं अवघडलेले हात जमतील तेवढे जोडले. "राम राम. कवा आलात?"

ज्ञानेश्वरीबाईनं जी किंकाळी मारली, ती ऐकून डाळिंबाचे दोन क्रेट कोसळले.

तिला पाणी पाजलं, शहाळं पाजलं. श्रीमंतला स्टुलावर बसवला. मग अश्विनीनं घडाघडा सगळं सांगितलं. लुगडं, कापूस, लोकर, फायबर, सहा डिग्री. रंगूबाई मान खाली घालून ऐकत होती. आता ही अकोल्यात जाऊन काय काय सांगेल, ह्या विचारानं तिचे कान तापले होते.

ज्ञानेश्वरीबाईनं श्रीमंतच्या निळ्या ओठांकडं निरखून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नातवापायी ह्यास्नी बर्फात बसवलं?"

"बर्फ न्हाई," अजिनाथ म्हणाला, "सहा डिग्री."

"विहीनबाई, तुमी येड्या हायत का? ऊब कशाला बघताय? आमच्याकडं चूल दिवसभर पेटती. लेकरू चुलीपाशी, आजीच्या कुशीत. त्याला थंडी शिवत न्हाई. आमचं दुखनं येगळंच हाय. आमच्याकडं वाळत न्हाई! चार महिने ऊन न्हाई. लेकरू भिजवतंय दिसातनं धा बारी, आन् गोधडी दांडीवर आठ आठ दिस. ऊबदार नको मला. भिजली तर लौकर वाळंल अशी गोधडी द्या."

सकाळपासून एकाही माणसाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. रंगूबाईनं कपाळावर हात मारला, आणि मग तिला हसू फुटलं. विहिणीलाही फुटलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागल्या.

पंकजा धापा टाकत पोहोचली. बाप जिवंत बघून तिनं पोराला आधी त्याच्याच मांडीवर टाकलं आणि डोळे पुसले. नातू आज्याच्या उजव्या गुडघ्यावर पालथा पडून टकामका बघायला लागला.

आणि श्रीमंतचा चेहरा हळूहळू बदलला. मिशा सैल पडल्या.

"अगं! उजवा गुडघा!" तो ओरडला. "उजवा गुडघा गरम लागतोय!"

"कापूस!" महमूदभाईंनी टाळी वाजवली. "म्या म्हनलं नव्हतं?"

"खरंच गरम लागतोय?" अश्विनीनं विचारलं.

"आईच्यान. आत गेल्यापासनं पयल्यांदा ऊब लागली. वाढतच चाललीय बघ. पार पोटरीपतुर आली."

ज्ञानेश्वरीबाई वाकली. गुडघ्याखाली फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा. तिनं पोराला अलगद उचलून घेतलं आणि म्हणाली, "व्याही, हलू नका. अजिनाथ, घड्याळ लाव. कापूस भिजलाय. कवा वाळतोय बघू."

"आन् बाकीच्या तिघांचं काय?" महमूदभाई तावातावानं म्हणाले. "एकट्या कापसाचीच परीक्षा व्हय?"

ते मात्र सगळ्यांना पटलं. रंगूबाईनं पदर खोचला, नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यावरचं लुगडं नीट केलं, दोन्ही खांद्यांच्या गाठी तपासल्या आणि लेकीकडं वळली.

"पंके, लेकराला दूध पाज. अजून तीन ऱ्हायलेत."