शेवटच्या ग्रीनवरची खूण

देवदरी जिमखान्याच्या गोल्फच्या मैदानात, शेवटच्या ग्रीनच्या हिरवळीवर माधवराव ओगल्यांचा चेंडू होलच्या तोंडाशी बसला होता, आणि नियम बदलला तरी उठायला तयार नव्हता.

तो तिथे पोचला यात ओगल्यांचं कर्तृत्व काही नव्हतं. नेम भलतीकडेच होता; चेंडू झाडावर आपटून परतला आणि त्यांचे साडू शशिकांत वेलणकर यांच्या चेंडूच्या ऐन वाटेत थांबला. जुन्या नियमानं वाटेतला चेंडू उचलता येत नसे. वळसा घाला, नाहीतर वरून उडवा. वेलणकर म्हणाले, "हा नियम बदलणार आहे म्हणतात. तोवर मी थांबतो." जिमखान्याच्या सेक्रेटरी नलूताई गुप्ते यांनी मुदत दिली.

ही मुदत म्हणजे ओगल्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. साडूंच्या वार्षिक सामन्यात जो हरेल त्यानं पुढचं वर्षभर घरच्या प्रत्येक समारंभात तपकिरी कानटोपी घालायची, अशी सासरेबुवांनी लावून दिलेली रीत होती. लेकीचं कन्यादानही ओगल्यांनी कानटोपीतच केलं होतं. सामना अडकला आणि टोपी कपाटात गेली. आता रविवारी नातीचं बारसं होतं. तिच्याबरोबरच्या फोटोत आपलं डोकं उघडं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. केस मोजकेच उरले होते, पण होते.

आणि गुरुवारी नवा नियम आला. वाटेतला चेंडू उचलावा, त्याच्या जागी खूण ठेवावी.

"मी जुन्या नियमाखाली इथे आलोय," चेंडू म्हणाला.

"नियम सगळ्यांना लागू आहे," नलूताई म्हणाल्या. "खूण म्हणून नाणं ठेवू."

"नाणं काय, कुणाचंही असतं. खूण माझ्या माणसाची हवी."

नलूताईंनी चष्मा लावून नियम पुन्हा वाचला. खूण कशाची असावी हे त्यात नव्हतं. "ओगले, आडवे व्हा," त्या म्हणाल्या.

ओगले झाले. जन्मात पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी वाटेत आलो, याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

"आता खूणच मध्ये येतेय," वेलणकर कुरकुरले.

"खूण एक पटर, म्हणजे हातातल्या काठीएवढी, बाजूला सरकवता येते," नलूताई म्हणाल्या.

माळ्यांनी ओगल्यांना पटरभर सरकवलं. तरी पोट मध्ये येत होतं, म्हणून आणखी एक पटर सरकवलं. खुणेनं बोलायचं नसतं. पण ओगल्यांना रडू येत होतं. वेलणकरांचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता. तिथून नातीनंसुद्धा सामना जिंकला असता.

वेलणकरांनी पटर फिरवला. चेंडू सुरेख वळसा घेत होलच्या बाजूनं पलीकडे गेला. मुदतभर ते दिवाणखान्यात चेंडूपुढे आमटीची वाटी ठेवून वळशाचा सराव करत होते. आता वाटी नव्हती, पण ते हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

ओगल्यांना मूळ जागी आणलं, चेंडू ठेवला, मग त्यांना उठवलं. होल चार बोटांवर होता. नुसतं ढकललं की जिंकले! बारसं, फोटो, उघडं डोकं असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ओगल्यांनी ओगल्यांसारखाच फटका मारला. चेंडू होलवरून उडी मारून गेला आणि पलीकडे वेलणकरांच्या चेंडूच्या वाटेत जाऊन बसला.

"खूण," चेंडू म्हणाला.

ओगल्यांनी बूट काढले आणि कुणी न सांगता आडवे झाले. वेलणकर आपल्या मनगटाकडे बघत होते.

"नलूताई, हा हात सरळ व्हायला वेळ लागेल हो. मुदत हवी."

नलूताईंनी दिली.

रविवारी बारसं शेवटच्या ग्रीनवरच झालं. पाळणा खुणेपासून एक पटर दूर टांगला, घुगऱ्या वाटल्या. फोटोत नात आजोबांच्या पोटावर झोपलेली आहे. आजोबांना ऊन लागू नये म्हणून वेलणकरांनी छत्री धरली आहे, पण जराशी मागे, डोकं नीट दिसेल अशी.