चीफचं चर्च, पासिर रिस

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या फ्लॅटपासून बाराशे चाळीस पावलांवर एक लिफ्ट आहे. तिच्यासमोर आलं की मयेकर डोक्यावरची टोपी काढतात आणि आवाज एकदम खाली आणतात. हल्ली मीही आणतो. कारण ती लिफ्ट नाही, चर्च आहे.

मी पहिल्यांदा बरोबर गेलो तेव्हा तिथे एक चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. टोपी छातीशी धरून लिफ्टच्या दाराकडे एकटक बघणारा हा सत्तरीचा माणूस त्यांनी जरा वेळ न्याहाळला आणि दबकत विचारलं, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?"

"नो, मॅडम," मयेकर तितक्याच हळू म्हणाले, "ट्वेल्थ सेंच्युरी."

आजी जिन्याने गेल्या.

मयेकर म्हणजे माझे घरमालक. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करतो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. ते मूळचे रत्नागिरीचे. अठ्ठावीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर, त्यातली शेवटची बरीचशी चीफ इंजिनिअर, आणि मग इथेच किनाऱ्यावरची नोकरी करून निवृत्त. सगळे त्यांना 'चीफ' म्हणतात. काका म्हटलेलं त्यांना चालत नाही. मला मात्र त्यांनी राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी 'सेकंड' करून टाकलं. बोटीवर चीफच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर असतो, एवढीच माझी पात्रता.

हा माणूस बसत नाही. जेवतो ओट्याशी उभा राहून, पेपर वाचतो कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत. मधूनच उठतो म्हणावं तर तो बसलेलाच नसतो. पण मधूनच फ्रिजला कान लावून मोटरचा आवाज ऐकतो, "ऑर्डरमध्ये आहे" असं जाहीर करतो आणि पुन्हा चालू लागतो. त्यांच्याबरोबर एका घरात राहून माझेही पाय आता टेबलाखाली हलत असतात. मयेकरकाकू म्हणतात, "हे ज्या दिवशी खुर्चीला पाठ टेकतील, त्या दिवशी समजायचं, बोट बंदराला लागली."

तर चर्च. चीफची मुलगी रेवती इंग्लंडमधल्या एका खेड्यात दवाखान्यात डॉक्टर आहे. नवरा तिथलाच, आणि दोन वर्षांचा एक मुलगा, नील. चीफ त्या गावाला एकदाही गेलेले नाहीत. पण त्या गावच्या पंचक्रोशीतली बघण्यासारखी एकेचाळीस ठिकाणं त्यांना तोंडपाठ आहेत. एक जुनं चर्च. एक मोडका मठ, ज्याची एकच भिंत उभी आहे. घोड्यांच्या पाठीवरून लोकर जायची तो दगडी पूल. तीन पब: 'नांगर', 'पांढरा हंस' आणि तिसरा, जो सोमवारी बंद असतो. आणि कोंडवाडा! मोकाट गुरं कोंडायचा, आपल्याकडे असतो तसाच. तो सापडला त्या दिवशी चीफ माझ्या खोलीचं दार वाजवत आले होते. "सेकंड, इंग्रजांकडेही कोंडवाडा! आणि आपल्याला शहाणपण शिकवत होते!"

गावाच्या वेबसाइटवरून, जुन्या नकाशांवरून त्यांनी या सगळ्याची फाइल केली आहे. जायचं नक्की आहे. बॅग भरून दाराशी उभी आहे, तिच्यावर काकू छत्र्या ठेवतात. पण ट्रायल घेतल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा चीफचा धर्म. म्हणून त्यांनी रेवतीच्या दारापासून प्रत्येक ठिकाणाचं अंतर नकाशावर मोजलं, त्याची पावलं केली आणि ते गाव उचलून पासिर रिसवर ठेवलं. आमचं दार म्हणजे रेवतीचं दार. कालव्यावरचा पूल म्हणजे दगडी पूल. सायकली लावायची जागा, कोंडवाडा. कोपऱ्यावरचं कॉफीशॉप, 'नांगर'.

रोज संध्याकाळी पाच वाजता "स्टँडबाय!" अशी हाक येते आणि मी लॉगबुक घेऊन मागे धावतो. "सेकंड, नोंद कर. पूल पाच बारा. गुडघा ठीक. इथे चढ नाही, तिथे आहे, तीन मिनिटं जास्त धर."

'नांगर'मध्ये चीफ उभ्यानेच बिनसाखरेचा कोरा चहा घेतात. "पबमध्ये टेबलावर कुणी विचारायला येत नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, स्वतः उचलून आणायचं. प्रॅक्टिस हवी." कॉफीशॉपात सिंगापूर वसल्यापासून हेच चालतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. काउंटरमागचा अंकल रोज हसून विचारतो, "कॅप्टन! तेह-ओ कोसोंग, सेम सेम?" आणि चीफ रोज भडकतात. "नॉट कॅप्टन! चीफ इंजिनिअर! कॅप्टन ओन्ली स्टँडिंग अपस्टेअर्स!" अंकल म्हणतो, "ओके, कॅप्टन."

मध्यंतरी त्या चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे पडतं असं चीफना कळलं, आणि घरातली शांतता संपली. दहा हजार किलोमीटरवरचं घड्याळ चुकतंय, म्हणून हा माणूस पासिर रिसमध्ये येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्यांनी चर्चची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना आकृत्यांसकट चार पानी पत्र लिहिलं. विषय: चुकीचं वंगण.

त्याच आठवड्यात माझा तोल गेला. प्रयोग फसला होता, पाय दुखत होते. मी कालव्यावरच थांबलो आणि म्हणालो, "चीफ, तिकीट का काढत नाही तुम्ही? ही लिफ्ट किती दिवस बघायची?"

 टोपी डोळ्यांवर ओढून चीफ माझ्या वीस पावलं पुढे चालत घरी आले.

काकू शेंगा सोलत होत्या. चीफ कॉरिडॉरच्या टोकाला गेल्याची खात्री करून म्हणाल्या, "त्यांना तिकिटाचं बोलू नकोस रे. रेवतीच्या बाळंतपणाला मी सहा महिने गेले होते ना, तेव्हा हेही निघालेले. बॅग तेव्हाचीच आहे ती. तर रेवती फोनवर म्हणाली, 'आई, तू ये. बाबा काय करणार इथे? बघण्यासारखं काही नाही, कंटाळतील.' फोन स्पीकरवर होता."

"मग?"

"मग काय. 'बरोबर आहे तिचं' म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ही फाइल." त्यांनी एक शेंग उगाचच दोनदा सोलली. "ती लहान असताना हे दोन महिने घरी, दहा महिने बोटीवर. निघाले की ही पायाला मिठी मारायची. 'मला पण न्या, तिथे काय असतं?' आणि हे म्हणायचे, 'काही नसतं गं बघण्यासारखं.' खोटं नव्हतं. सगळ्या जगात फिरून ह्यांनी इंजिनरूमच पाहिली. पण पोरीला ते कसं कळणार? ती 'या' म्हणाली, की हे आजसुद्धा निघतील. पण म्हणायला तर हवं."

मला माझी भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मीच "स्टँडबाय" म्हणालो.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारची गोष्ट. आम्ही लिफ्टसमोर पोचलो, टोपी निघाली, आणि चीफच्या खिशातला फोन वाजला. रेवतीचा. ती नेहमी काकूंना फोन करते, चीफच्या वाट्याला शेवटी "बाबा, बरे आहात ना?" "फर्स्ट क्लास" एवढंच येतं. चीफ गोंधळले आणि त्यांच्याकडून स्पीकर दाबला गेला.

"बाबा, तुम्ही इथल्या चर्चला घड्याळाबद्दल पत्र लिहिलंत? विथ डायग्रॅम्स?"

"वंगण जाड वापरत होते."

"त्या बाई माझ्या पेशंट आहेत! थँक्स म्हणायला दवाखान्यात आल्या. घड्याळ आता बरोबर चालतंय. म्हणाल्या, तुझ्या वडिलांना आमचं चर्च आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे." तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, मी सहा वर्षं इथे राहतेय. मी आत कधी गेलेच नाही."

"आत्ता कुठे आहेस?"

"चर्चच्या दारात. नीलला घेऊन आलेय."

"मीपण," चीफ म्हणाले. मग घाईघाईने, "दार जड आहे. खालच्या बाजूला पायाने रेटायचं. आत तीन पायऱ्या उतर, पोराचा हात धर. डावीकडचा दुसरा खांब. तुझ्या कमरेइतक्या उंचीवर बघ, बोटभर जहाज कोरलंय. जुनं आहे. कुणीतरी बोटीवरून घरी येऊन कोरलं असणार."

फोनमधून पावलांचा घुमणारा आवाज आला. नील काहीतरी ओरडला आणि तेही घुमलं. आमची लिफ्ट उघडली, दोन माणसं बाहेर आली, चीफनी त्यांना बोटाने गप्प राहायची खूण केली.

"सापडलं," रेवती म्हणाली.  मग तिने विचारलं, "बाबा, अजून काय काय आहे इथे?"

"चाळीस आहेत अजून. पूल आहे. कोंडवाडा आहे."

"ते तुम्ही येऊन दाखवा ना," ती म्हणाली. "या तुम्ही."

चीफ "बरं" म्हणाले. एवढंच. फोन खिशात ठेवला, तो नीट गेला नाही, पुन्हा ठेवला. पुढचा रस्ता आम्ही न मोजता चाललो. 'नांगर'च्या काउंटरवर ते गेलेच नाहीत. मी चहा घेऊन वळलो तर चीफ पंख्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाठ टेकून, टोपी मांडीवर ठेवून.

"कॅप्टन, टुडे सिट आह?" अंकलने तिथूनच विचारलं.

"येस," चीफ म्हणाले, आणि मला म्हणाले, "सेकंड, नोंद कर. पाच अडतीस."

मी पेन काढलं. "पुढे काय लिहू?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मी नुसती वेळ लिहून ठेवली.