लातूरची बाजू

मंगळवारी सकाळी माझी बायको सुनंदा गेली. दुपारी व्यंकटराव लातूरहून एसटीने आले, दारात चपला काढल्या, माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "साडू, मैदान लातूरला मंजूर झालं."

खोलीतली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. माझ्या आत्याने तोंडाला पदर लावून शेजारणीला विचारलं, "कोण हाय हा? काही पोच हाय का न्हाई?"

"बाईंच्या थोरल्या बहिणीचे मालक."

"बिचारी बहीण," आत्या म्हणाली.

व्यंकटरावांनी ते ऐकलं असावं. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "काल संध्याकाळी कळलं. म्हणलं फोनवर नको, समोर जाऊन सांगू. चेहरा बघता येतो." ते माझ्याशी बोलत नव्हते हे मला कळत होतं.

व्यंकटरावांचं लातूरला शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. मागच्या बाजूला शिलाईची मशिनं, पुढे काउंटर. मुलींची मापं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विमलअक्का, घेतात. काउंटरवर व्यंकटराव बसतात आणि जगाची मापं घेतात. कापड मापाप्रमाणे आखून कापणं याला शिंपीकामात बेतणं म्हणतात, आणि त्यांच्या मते या जगातल्या बहुतेक गोष्टी नीट बेतलेल्या नाहीत. पोह्यांत मीठ जास्त पडलं तर "नीट बेतलेले न्हाईत." एसटीच्या दोन सीटांमध्ये गुडघे अडकले तर "कुणी बेतलंय हे, बापानं बघितलं होतं का माणूस?" एकदा आम्ही एका पुढाऱ्याच्या सभेतून बाहेर पडलो तेव्हा मी त्यांना भाषणाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कापड तीन माणसांचं, सदरा एकाचा, अन् त्याला बी बाह्या न्हाईत."

बेसबॉलशी त्यांचा संबंध पँटीमुळे आला. लातूरच्या एका शाळेने मुलींच्या संघासाठी त्यांच्याकडून गणवेश शिवून घेतले. पहिल्याच सामन्यात तीन पँटी गुडघ्यावर फाटल्या. व्यंकटरावांना हा अपमान वाटला. पँट फाटते कशी ते बघायला ते मैदानावर गेले. तिथे त्यांना दिसलं की मुली धावत येतात आणि शेवटी चक्क जमिनीवर घसरतात. घरी येऊन त्यांनी गुडघ्याला दुहेरी कापड लावलं आणि ते टिकतं का हे बघायला पुन्हा गेले. पँटी फाटायच्या थांबल्या. व्यंकटराव जायचे थांबले नाहीत.

समोरच्या संघाची शिक्षिका त्यांची मेहुणी निघाली.

सुनंदा नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि जिल्ह्याचा बेसबॉलचा संघ तिच्याकडे होता. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. या खेळाविषयी मला एवढंच कळलं होतं की पिचर चेंडू फेकतो, कॅचर मागे बसून तो झेलतो आणि बॅट घेतलेला खेळाडू जिथून निघतो तिथेच, चार कोपरे फिरून, धापा टाकत परत येतो, आणि त्याबद्दल त्याला गुण मिळतो. व्यंकटराव आणि सुनंदा यांचं बोलणं याच्या बरंच पुढे गेलेलं होतं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. सुनंदा कणीक मळत असायची, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावायची, आणि आमच्या स्वयंपाकघरात लातूर आणि नांदेड भांडायला लागायची.

उन्हाळ्यानंतर भांडणाला रंग चढायचा. अमेरिकेत हंगाम संपला की संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, तिला 'ट्रेड' म्हणतात, हे व्यंकटरावांनी सकाळी उठून मोबाइलवर तिकडचे सामने बघता बघता शिकून घेतलं होतं. आपल्याकडे ट्रेड नसते. पण आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो. निकाल लागला की आमच्या जिल्ह्यातल्या हुशार मुली डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला जातात, तिथल्या कॉलेजात नाव घालतात आणि गणवेश घ्यायला व्यंकटरावांच्या दुकानात येतात. हे त्यांना पुरेसं होतं.

"सुनंदा, तुझी पिचर आली बघ आमच्याकडं. भोकरची. अक्का माप घ्यायलीय तिचं."

"ती डॉक्टर व्हायला आलीय, दाजी."

"होऊ दे की. डॉक्टरला हात नसतो का? बदल्यात तुला एक कॅचर देतो. बाप बँकेत हाय, बदली झाली नांदेडला."

"बदली बँकेने केली ना? तुम्ही काय दिलं त्यात?"

"मी पोरीच्या बापाला म्हणलं, जा, नांदेड चांगलं हाय. खोटं बोलाय लागलं मला."

"कशी आहे मुलगी?"

"भिंत हाय, भिंत."

"मागच्या वर्षी दिलीत तीही भिंतच होती. हलतच नव्हती."

पलीकडे मशिनचा आवाज थांबायचा आणि विमलअक्का हसलेल्या ऐकू यायच्या.

नांदेडच्या संघाचे गणवेशही सुनंदा त्यांच्याकडूनच शिवून घ्यायची. एका वर्षी आमचा संघ हरला आणि तिने जाहीर आरोप केला की दाजींनी नांदेडच्या मुलींच्या बाह्या मुद्दाम आवळून शिवल्या, हात वर जाईना. व्यंकटरावांनी देवाची शपथ घेतली. लेकरांची घेतली. सुनंदा म्हणाली, "शपथा राहू द्या, शिलाई बघा." पुढच्या रविवारी ते कात्री आणि दोऱ्याची रिळं घेऊन नांदेडला आले, आमच्या गॅलरीत सतरंजी टाकून बसले आणि एकेका बाहीची शिवण उसवून बगलेत जास्तीचं कापड घालत राहिले. संध्याकाळी सगळ्या सदऱ्यांच्या घड्या घालून म्हणाले, "आता हरलात तर हात तुमचा."

मग मैदानाचं निघालं.

लातूर आणि नांदेड यांच्यात एखादं सरकारी कार्यालय कुठे असावं यावरून किती वर्षं भांडता येतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दोन्ही जिल्ह्यांना मिळून बेसबॉलचं एकच मोठं मैदान होणार अशी बातमी आली, आणि ती वाचून पेटलेली माणसं बहुधा दोनच असावीत.

"नांदेडला नदी हाय, विमानतळ हाय, गुरुद्वारा हाय," व्यंकटराव म्हणायचे. "सगळं एकालाच का म्हणून?"

"तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, दाजी. मैदानावर काय मारणार?"

"पोरींचा घाम हाय की."

असं हसणं-टोचणं झालं की सुनंदाचा आवाज बदलायचा. तिला मैदान कुठल्या गावात होतं यापेक्षा कुठल्या रस्त्याला होतं याची काळजी होती. तिच्या निम्म्या मुली तालुक्यांतून यायच्या. ती म्हणायची, "लातूरला करा नाहीतर चंद्रावर करा, पण एसटी थांबते तिथे करा. बिलोलीची मुलगी लातूरच्या स्टँडवर उतरणार, तिथून एकटी रिक्षाने माळावर जाणार, कुठला बाप पाठवील तिला? हिमायतनगरच्या मुलीची परतीची गाडी एकदा चुकली की बॅट माळ्यावर गेली. मग काय तुमचं मैदान आणि काय आमचं."

"थांबा काय, मागितला की मिळतो," व्यंकटराव म्हणायचे.

"मागून मिळत नाही, दाजी. उतरून मिळतो. रोज कुणीतरी तिथे उतरावं लागतं. उतरणारं माणूस दिसलं की गाडी थांबायला शिकते."

"लई शिकवतीस," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पुढच्या रविवारी हेच पुन्हा.

तेरावा झाला. माणसं पांगली. व्यंकटरावांना आणि अक्कांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. साडू हे नातं बायकांच्या मार्फत असतं. दोन बहिणी, त्यांच्या दोन टोकांना दोन अनोळखी माणसं. आमच्यातली एक बहीण गेली होती, आणि यानंतर हा माणूस माझा कोण, त्याने माझ्याकडे कशासाठी यायचं, हे मला कळत नव्हतं. विचारणार कुणाला?

गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. "साडू," ते म्हणाले, "कापड लई शिल्लक होतं अजून. नीट बेतलं न्हाई." गाडी हलली तेव्हा त्यांनी हात सोडला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. दुपारी ते स्वतः आले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो म्हणायचे आणि पोचायचे मात्र जेवणवेळ टळून गेल्यावर. पँटीला कुसळं लागलेली असायची. मी वाढायचो, ते जेवायचे आणि बोलायचे. अमेरिकेत कुणाला कुणी घेतलं, लातूरला यंदा कोण येणार. मी ऐकायचो.

एकदा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "साडू, मी म्हणलं, नांदेडच्या पोरींना बॉल फेकता येत न्हाई."

"असेल," मी म्हणालो.

"असेल?" ते माझ्याकडे बघत राहिले. "चिडा की जरा."

मी दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन या खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि आठवडाभर वाचलं. रविवारी त्यांच्या एका विधानावर मी एक नियम सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. म्हणाले, "बरोबर हाय. पण नियम काढून भांडता येतंय का? ते आतून यावं लागतंय." त्या दिवशी ते लवकर गेले. मला वाटलं, आता येणार नाहीत.

आठवड्याच्या मध्यात अक्कांचा फोन आला. "भाऊजी, एक विचारू का? हे तुमच्याकडं कधी पोचतात?"

मी सांगितलं.

"आणि पहाटंच निघतात की घरातून. मधी कुठं असतात? या रविवारी तुम्हीच या त्यांच्याबरोबर इकडं. चार दिवस राहा. न्हाईतरी घरात कोण हाय तुमच्या?"

त्या रविवारी व्यंकटराव उशिरा आले, जेवले, आणि आम्ही दोघे लातूरच्या गाडीत बसलो. अर्ध्या तिकिटाचे दोन प्रवासी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. लातूर जवळ आलं तसे व्यंकटराव उठून उभे राहिले आणि दाराकडे निघाले. दोन्ही बाजूंना नुसता माळ होता.

"मैदान!" ते कंडक्टरला म्हणाले.

"काका, किती वेळा सांगू, थांबा न्हाई इथं."

"उतरणारं माणूस हाय ना?"

"दर वेळी तुम्हीच उतरता. सकाळी लातूरहून बसलात की हितं उतरलात. आता पोचायच्या टायमाला पुन्हा उतरायलात. चार मिनटं बसला असता तर घरी गेला असता."

"आज दोघं हायेत," व्यंकटराव म्हणाले. "मोजून घ्या."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं आणि घंटी दिली.

रस्त्याच्या कडेला लोखंडाच्या दोन खांबांवर नियोजित मैदानाची पाटी होती. मागे बाभळी, कुसळं आणि कुणाची तरी चरणारी शेळी. व्यंकटरावांनी मला होम प्लेट, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची जागा, कुठे येणार ते दाखवलं, पिचर कुठे उभी राहणार ते दाखवलं. तिथली ढेकळं त्यांनी पायाने बाजूला केली. मग आम्ही पाटीच्या सावलीत बसलो.

"दर रविवारी उतरता?" मी विचारलं.

"जाताना बी, येताना बी. ती म्हणली होती ना, उतरून मिळतो."

"आणि पुढची गाडी येईपर्यंत?"

"बोलतो." त्यांनी पँटीवरचं एक कुसळ काढलं, मग दुसरं. "एकट्यानं जमत न्हाई पण. दोन्ही बाजू आपणच बोलायच्या म्हणजे शिवण उसवते सगळी. साडू, एक करता का? तुम्ही लातूरकडून बोला."

"मी नांदेडचा आहे."

"नांदेडची बाजू मला येते. सगळी पाठ हाय. तुम्ही माझी घ्या."

मग ओट्यावरच्या फोनमधून ऐकलेलंच बोललो. म्हणालो, "नांदेडला नदी आहे, विमानतळ आहे, गुरुद्वारा आहे. सगळं एकालाच का?"

व्यंकटराव ताठ बसले. त्यांनी मान थोडी तिरकी केली. "लातूरला करा नाहीतर चंद्रावर करा, दाजी," ते म्हणाले, "पण एसटी थांबते तिथे करा."

'थांबते' म्हणाले, 'तिथे' म्हणाले. एरवी ते असं बोलत नाहीत. 'चंद्रावर'नंतर सुनंदा एक श्वास घ्यायची, तोही त्यांनी घेतला. बिलोलीची मुलगी आली, रिक्षा आली, हिमायतनगरची बॅट माळ्यावर गेली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मी समोरच्या शेळीकडे बघत होतो.

"बोला की," ते म्हणाले. "गप नका बसू. माझी बाजू हाय ती."

"थांबा काय," मी म्हणालो, "मागितला की मिळतो."

"मागून मिळत नाही, दाजी!" त्यांनी मांडीवर थाप मारली. ते खूश झाले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

गाडी आली. आम्ही दोघांनी हात केला आणि ती थांबली.

मैदान अजून झालेलं नाही. पाटी आहे, बाभळी आहेत. थांबाही मंजूर नाही, अर्ज मात्र गेला आहे. दर रविवारी गाडी तिथे थांबते, कारण एक माणूस उतरतो. मी जातो त्या रविवारी दोन उतरतात. मी लातूरच्या बाजूने बोलतो. अजून एकदाही जिंकलेलो नाही.